उतार आधी मोजा, मग ट्रॅक्टर घाला

मृगाच्या तोंडावर मावळातल्या मिनी ट्रॅक्टरधारकांसाठी सल्ला

रोहिणी नक्षत्र लागलं की कुसगावपासून पवन मावळापर्यंत एकच लगबग सुरू होते. रोपवाटिकेची जागा तयार करायची, बांध दुरुस्त करायचे, शेणखत पसरायचं आणि पाऊस लागला की चिखलणीला भिडायचं. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेल्या इंद्रायणी भाताने इथल्या खाचरांना बाजारात नाव मिळवून दिलं. पण ही खाचरं गुंठ्या-गुंठ्यांची, वाटा अरुंद आणि बैलजोड्या कमी झालेल्या. त्यामुळे १५ ते २५ एचपीचा मिनी ट्रॅक्टर इथे सोयीचा ठरला. तोच ट्रॅक्टर मग नाचणी-वरईच्या वरकस जमिनीवरही चढवला जातो, आणि धोका तिथूनच सुरू होतो.

लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मे महिन्यात चाकाला घट्ट धरणारा मुरमाड उतार जुलैत निसरडा होतो, बांधाच्या कडा आतून भिजून पोकळ होतात. ‘दरवर्षी इथूनच जातो’ हा अंदाज अशा वेळी कामाचा नाही. उतार किती आहे हे पाऊस लागण्याआधी पायी फिरून मोजावं आणि आपली मर्यादा तेव्हाच ठरवून ठेवावी. सीटवर बसल्यावर ती ठरवायला वेळ मिळत नाही.

मिनी ट्रॅक्टर लवकर का कलंडतो?

ट्रॅक्टर लहान म्हणजे धोका लहान, हा समज सोडून द्या. समजा मागच्या दोन चाकांमधलं अंतर ९० सेंटिमीटर आहे आणि ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच आहे. साध्या हिशेबाने तो ३५ अंशांच्या आडव्या उताराला कलंडेल. प्रत्यक्षात तो त्याच्या बराच आधी कलंडू लागतो. पुढचा अ‍ॅक्सल मधोमध एकाच पिनेवर झुलतो, त्यामुळे सुरुवातीला ट्रॅक्टर चार चाकांच्या चौकोनावर तोललेला नसतो. मागची दोन चाकं आणि पुढची पिन अशा त्रिकोणावर तो तोललेला असतो. हा त्रिकोण धरला तर त्याच ट्रॅक्टरचा हिशेब २२-२३ अंशांपर्यंत खाली येतो. पुढचा अ‍ॅक्सल अडणीला टेकेपर्यंत ट्रॅक्टरने झोल घेतलेला असतो आणि मग सावरणं कठीण होतं.

हा हिशेब उभ्या ट्रॅक्टरचा झाला. आता वरच्या बाजूचं चाक १५ सेंटिमीटरच्या दगडावर चढलं, किंवा खालचं चाक तेवढ्याच खड्ड्यात गेलं, तर ९० सेंटिमीटर रुंदीत एका क्षणात साडेनऊ अंशांची भर पडते. १० अंशांचा उतार जवळजवळ २० होतो. त्यातच ताशी आठ किलोमीटर वेगाने अडीच मीटर त्रिज्येचं वळण घेतलं, तर बाहेरच्या बाजूला आणखी ११ अंश कलल्याइतका जोर येतो. वेग दुप्पट केला तर हा जोर चौपट होतो. उताराच्या वरच्या अंगाला स्टीअरिंग वळवताना हा जोर खालच्या बाजूला लागतो, म्हणून असं वळण सर्वांत घातक.

तुमच्या ट्रॅक्टरचे आकडे वेगळे असतील. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेच्या चाचणी अहवालात मॉडेलनुसार चाकांमधलं अंतर आणि गुरुत्वमध्य दिलेला असतो. द्राक्षपट्ट्यातून जुना मिनी ट्रॅक्टर आणला असेल, तर बागेच्या ओळींसाठी चाकं आत घेतलेली आहेत का, हे आधी पाहा. रिम उलटवून ती बाहेर घेता येत असतील, तर मेकॅनिककडून पावसाआधीच घेऊन टाका.

अंश आणि टक्के यांची गल्लत नको

पाणलोट आणि बांधबंदिस्तीच्या कामात उतार टक्क्यांत सांगतात, ट्रॅक्टरवरचे मीटर मात्र बहुधा अंश दाखवतात. १० अंश म्हणजे सुमारे १८ टक्के, १५ अंश म्हणजे २७ टक्के, २० अंश म्हणजे ३६ टक्के आणि ४५ अंश म्हणजे १०० टक्के. पुस्तिकेत ‘२० टक्के’ लिहिलेलं असताना कोणी मीटरवरच्या २० अंशांपर्यंत गेला, तर तो जवळजवळ दुप्पट उतारावर पोहोचतो. मीटर घेताना त्यावरची खूण आधी वाचा.

एक मीटरची काठी आणि पाणसळ

मीटर नसला तरी उतार अचूक मोजता येतो. बरोबर एक मीटर लांबीची सरळ पट्टी किंवा चौकोनी पाइप घ्या. तिचं एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीला टेकवा. पट्टीवर गवंड्याची पाणसळ ठेवा आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत दुसरं टोक उचला. आता या उचललेल्या टोकापासून खाली जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजा:

- ९ सेंटिमीटर: ५ अंश
- १८ सेंटिमीटर: १० अंश
- २७ सेंटिमीटर: १५ अंश
- ३६ सेंटिमीटर: २० अंश

पट्टी मुद्दाम एक मीटरचीच घ्यावी, कारण मिनी ट्रॅक्टरची रुंदीही साधारण तेवढीच असते. लांब दोरी लावून काढलेल्या सरासरी उतारात खड्डे आणि उंचवटे लपून जातात, आणि ट्रॅक्टर उलटतो तो त्यांच्यावरच. रानाच्या मधोमध एकदा मोजून थांबू नका. वळणाची जागा, खाचरात उतरण्याची वाट, बांधाची कड आणि ओढ्याकडचा भाग वेगवेगळा मोजा. मर्यादेबाहेरच्या जागांवर चुना मारलेले दगड ठेवा. जुलैत रान हिरवं झाल्यावर धोक्याची जागा तेच दगड दाखवतील. शेती भाड्याच्या ट्रॅक्टरने करत असाल, तर चालकाला आधी ही दगडांची रेघ फिरून दाखवा.

मीटर कसा बसवावा?

टिल्ट मीटर किंवा अँगल मीटर या नावाने मिळणाऱ्या उपकरणांत वाकड्या नळीतली गोळी, काटा आणि बॅटरीवरचा डिजिटल असे प्रकार असतात. शेतीसाठी गोळीचा साधा मीटर पुरेसा आहे. मान न वळवता दिसेल असा तो डॅशबोर्डवर घट्ट बसवावा. आडव्या उतारासाठी एक आणि चढ-उतारासाठी एक, असे दोन असावेत.

बसवण्याआधी दोन्ही मागच्या टायरमधली हवा सारखी करा. मग सिमेंटच्या सपाट अंगणात ट्रॅक्टर उभा करून मीटर शून्यावर आणा. ट्रॅक्टर फिरवून त्याच जागी उलट्या तोंडाने उभा करा. तेव्हाही शून्य दिसला तर मीटर बरोबर बसला. एकदा दोन अंश डावीकडे आणि फिरवल्यावर दोन अंश उजवीकडे दिसले, तर अंगणालाच दोन अंशांचा ढाळ आहे आणि मीटर ठीक आहे. दोन्ही वेळा तो एकाच बाजूला तेवढाच कललेला दिसला, तर मीटर वाकडा बसला आहे.

गोळी तेलात संथ सरकते. चाक ज्या दगडावर चढलं आहे त्याची खबर ती उशिरा देते आणि पुढच्या खड्ड्याची तर देतच नाही. मोबाइलवरचं अ‍ॅप इंजिन बंद असताना मोजणीला ठीक आहे, चालत्या ट्रॅक्टरवर कंपनामुळे त्याचा आकडा धरू नये.

किती अंशांवर काय करावं?

ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत याहून कमी मर्यादा दिली असेल तर तीच पाळा.

- ५ अंशांपर्यंत: नेहमीचं काम करता येईल, वळताना वेग कमी ठेवावा.
- ५ ते १० अंश: फक्त कोरड्या रानात, लो गिअरमध्ये, अवजार शक्य तितकं खाली ठेवून. अर्धी भरलेली फवारणीची टाकी नको, आतलं पाणी खालच्या बाजूला डुचमळतं.
- १० अंशांच्या पुढे: आडवं चालवू नये. दगडाचे साडेनऊ अंश मिळवले की काही उरत नाही.
- १५ अंशांच्या पुढे: मिनी ट्रॅक्टर नेऊच नये. तिथे बैल, हातकाम किंवा गवताची लागवड बरी.
- पावसात आणि ओल्या गवतावर हे सगळे आकडे निम्मे धरावेत.

ओढ्याच्या किंवा बांधाच्या कडेला, कड जितकी उंच तितकं अंतर तरी सोडून चालवावं. दीड मीटरची कड असेल तर दीड मीटर आत. उतरताना क्लच दाबू नये आणि गिअर न्यूट्रल करू नये. रस्त्यावर आणि उतारावर दोन्ही ब्रेक पेडल खिट्टीने जोडलेले असावेत.

खाचरातून बाहेर पडताना

चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका मोठा असतो. चाकं चिखलात रुतून फिरेनाशी झाली की इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचं तोंड वर उचलतो. पूर्ण उलटायला त्याला दीड सेकंद पुरतो, तेवढ्यात पाय क्लचवर पोहोचत नाही. रुतलेल्या चाकाला ओंडका बांधून किंवा पुढे लाकूड घालून रेस करू नये. मागे घेऊन पाहावं, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढावं. बांध नेहमी काटकोनात ओलांडावा, चढायचा असेल तर रिव्हर्समध्ये. ओढण्याची साखळी कायम खालच्या ड्रॉबारलाच लावावी, वरच्या टॉप लिंकला कधीच नाही.

कमान आणि पट्टा

स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर सुरक्षेची कमान सक्तीची केली आणि ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू तिथे झपाट्याने घटले. आपल्याकडे नवा मिनी ट्रॅक्टर घेताना चालकामागची लोखंडी कमान, म्हणजे रोप्स, आणि सीटचा पट्टा मागून घ्या. कमान उभी असेल तर पट्टा बांधायचाच. कमान नसेल किंवा दुमडलेली असेल तर पट्टा बांधू नये, आणि उतारावर जाऊ नये. लोहाराकडून वेल्ड करून घेतलेली कमान सावली देईल, वजन पेलेलच असं नाही. मडगार्डवर पोरांना किंवा बायामाणसांना बसवणं पूर्ण बंद करा. अपघात झालाच तर आधी इंजिन बंद करा आणि १०८ ला फोन लावा.

पाऊस लागण्याआधी एवढं कराच

एका सकाळी पट्टी, पाणसळ, टेप आणि चुना घेऊन सगळं रान फिरा. घरात जो जो ट्रॅक्टर चालवतो, त्याला बरोबर घ्या. आकडे वहीत लिहा आणि एक चिठ्ठी ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवा. लावणीच्या घाईत ‘एवढा एक फेरा मारून येतो’ असं घरातलं कोणी म्हणालं, तर ती चिठ्ठी पुढे करा. एक वरकस पट्टा यंदा ट्रॅक्टरशिवाय राहिला, तर नुकसान काही पायली नाचणीचं होईल आणि ते पुढच्या हंगामात भरून काढता येईल.