सही करण्याआधी

सरकारी कार्यालयात जीपचालक म्हणून माझी बावीस वर्षं झाली होती. दौऱ्यावरून परतताना रात्री ट्रकने धडक दिली आणि उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

चार महिन्यांनी कुबड्या घेऊन कार्यालयात गेलो. आस्थापना शाखेच्या साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि कागद पुढे केला. "गाडी तर आता चालवता येणार नाही. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या, सन्मानाने मोकळे व्हा." बोलणं इतकं आपुलकीचं होतं की न वाचताच सही केली. ती माझी सर्वांत मोठी चूक.

घरी बायकोने पहिला प्रश्न केला, "प्रत कुठंय?" माझ्याकडे नव्हती. शेजारचे काका महसूल खात्यातले निवृत्त अव्वल कारकून. ते म्हणाले, "अरे, पाय गेला म्हणून नोकरी जात नाही. मंजुरीचा आदेश निघायच्या आत अर्ज मागे घे. उद्याच."

दुसऱ्या दिवशी बारनिशीत, म्हणजे आवक-जावक शाखेत, माघारीचा अर्ज दिला आणि पोच घेतली. तो शिक्का मारलेला कागद अजून माझ्या कपाटात आहे.

काकांनी मला कायदा वाचायला लावला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016. लागू 19 एप्रिल 2017 पासून. कलम 20(4) सांगतं की नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं, तर सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही की पदावनत करता येत नाही. जुनं काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं. तसं पद रिकामं नसेल, तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे जादा निर्माण केलेल्या, पदावर ठेवायचं. हेच संरक्षण 1995 च्या कायद्यातही होतं. पाय गमावलेल्या कुणाल सिंह या कॉन्स्टेबलला सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये त्याच आधारे न्याय दिला. रुग्णता निवृत्तिवेतन मिळालं म्हणून हा हक्क संपत नाही, हेही त्या निकालात स्पष्ट केलं.

मी कलमाचा उल्लेख करून दुसऱ्या पदासाठी अर्ज केला. उत्तर आलं नाही, तेव्हा पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार पाठवली. सात महिन्यांनी आदेश हाती पडला. आज मी त्याच बारनिशीत बसतो, त्याच वेतनश्रेणीत.

माझ्यासारखी वेळ कोणावर आली, तर एवढं करा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र लवकर काढा. तोंडी काही मागू नका. प्रत्येक अर्ज लेखी द्या, पोच घ्या. प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायलाच हवा. त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. समाधान झालं नाही, तर जिल्हास्तरीय समितीकडे जा. रॅम्प, सोयीचं टेबल, तळमजल्यावरची जागा मागायला संकोचू नका. कायदा त्याला वाजवी सोयसुविधा म्हणतो आणि ती नाकारणं हा भेदभावच ठरतो.

खासगी नोकरीत कलम 20(4) लागू होत नाही, हे लक्षात ठेवा. पण तिथेही मालकाला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. ते मागून घ्या आणि वाचा.

आजारपणात माणूस खचलेला असतो, घर कर्जात असतं, आणि नेमका तेव्हाच कोणी कागद पुढे करतो. त्या क्षणी एवढंच म्हणा, "घरी नेऊन वाचतो, उद्या सांगतो." तुमची पुढची सगळी नोकरी त्या एका रात्रीवर अवलंबून असते.