मॉरिशस: दोन फेऱ्यांनी शिकवलेलं

१. बेट छोटं, पण हवा एक नाही. मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पावपटीहूनही कमी. त्यामुळे हवा सगळीकडे सारखीच असेल असं धरून पहिल्या फेरीत मी फक्त सुती कपडे नेले. किनाऱ्यावर लख्ख ऊन होतं, पण बेटाच्या मध्यावरच्या क्युरपिप शहरात पोचले तर धुकं, पाऊस आणि हुडहुडी. मधलं पठार उंच आहे. आग्नेयेकडून येणारे वारे तिथे अडतात आणि पाऊस टाकतात. जुलै-ऑगस्टमध्ये बेटावर हिवाळा असतो, तेव्हा पूर्व किनाऱ्यावर वारा झोडपतो. त्या दिवसांत मुक्काम पश्चिमेला किंवा वायव्येला ठेवा. नोव्हेंबर ते एप्रिल हे चक्रीवादळांचे दिवस.

२. समुद्राला गृहीत धरू नका. बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे, म्हणून आतलं पाणी तळ्यासारखं शांत. मात्र दक्षिणेला ग्री-ग्रीजवळ ते कडं तुटतं आणि लाटा थेट किनाऱ्यावरच्या खडकांवर आपटतात. तिथे पाण्यात उतरू नका. शांत पाण्यातही रबरी तळव्याचे बूट घाला, तळाशी समुद्री साळू असतात. प्रवाळावर उभं राहू नका. २०२० साली किनाऱ्याजवळ अडकलेल्या जहाजातून तेल सांडलं, तेव्हा इथल्या लोकांनी उसाची पाचटं भरून लांबलचक अडसर शिवले होते. हा समुद्र त्यांना किती जवळचा आहे, ते त्यावरून कळावं.

३. खिशाचं गणित. १९६८ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा हा देश जवळजवळ साखरेवरच जगत होता. पुढे कापडगिरण्या आल्या, मग पर्यटन आणि वित्तसेवा. तांदूळ आणि गहू मात्र बाहेरूनच येतात, म्हणून हॉटेलातलं जेवण महाग पडतं. मी रस्त्यावरच्या दालपुरीवर दुपारी काढल्या. आत वाटलेली डाळ, वर घेवड्याची भाजी आणि चटणी. ती जोडीनेच मिळते. पुरणपोळी लाटणाऱ्या हाताला ती लगेच ओळखू येते.

४. भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता हाताशी ठेवा. घड्याळ दीड तास मागे करा. प्लग बहुतेक ठिकाणी तीन चौकोनी पिनांचे. पोर्ट लुई ते क्युरपिप मेट्रो आहे.

५. एक दिवस किनारा सोडा. पहिल्या फेरीत मी हे केलं नाही, आणि त्याची हळहळ दुसऱ्या फेरीपर्यंत टिकली. पोर्ट लुईच्या बंदरात आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून पुढे साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर करार करून या बेटावर उतरले, त्यांतले बहुतेक १८४९ नंतर याच घाटावरून. काळ्या दगडाच्या त्या पायऱ्या थोड्याच आहेत. त्यांतल्या एकीवर मी बराच वेळ बसून राहिले. मुंबई बंदरातून आलेल्यांत कोकणातली माणसं पुष्कळ. ती उसाच्या मळ्यांत राबली आणि त्यांतली बरीच परतली नाहीत. २००६ पासून हा घाट जागतिक वारसा आहे, पण त्यांच्या गावाकडचे आपण तिथे क्वचितच जातो.

६. कोकणातल्या त्या मजुरांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात. घरात बोलणं क्रिओलमध्ये, पण गणपतीत आरती मराठीत. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. त्यांचा ‘झाकरी’ नाच पाहिला तेव्हा मला भरून आलं. आमच्या कोकणातल्या जाखडीचं नाव तेवढं बदललंय. गोल फेर आणि पायांचा ठेका तोच. एका आजींनी माझा हात धरून विचारलं, “तू रत्नागिरीची?” त्यांनी रत्नागिरी कधीच पाहिली नव्हती.

तिथल्या शाळांत मुलं मराठी हा विषय शिकतात. तुम्ही जाणार असाल तर सामानात पाच-सहा मराठी गोष्टींची पुस्तकं ठेवा आणि तिथल्या एखाद्या मराठी मंडळात देऊन या.