सणाचें मेज कसें मांडावें

गेल्या नाताळच्या सुटीपूर्वीं आमच्या वर्गांतील एक विद्यार्थिनी हातांत एक चित्र घेऊन आमच्याकडे आली. तिच्या थोरल्या भावाच्या साखरपुड्यानिमित्त घरीं सोळा माणसें जेवावयाचीं होतीं. चित्रांत एक लांब मेज होतें. प्रत्येक बशीच्या डावीकडे तीन कांटे, उजवीकडे तीन सुऱ्या व एक चमचा, आणि वरच्या अंगास चार पेले. "आमच्या घरीं सगळे मिळून पांच कांटे आहेत, सर, आणि आई म्हणते, पाहुण्यांपुढें आपली शोभा होईल," असें ती म्हणाली. तिला त्या वेळीं जें तोंडीं सांगितलें, तेंच येथें जरा विस्तारानें लिहीत आहों. कारण ही काळजी एकट्या तिच्याच घरची नव्हे.

प्रथम त्या चित्राचें मूळ पाहूं. युरोपांतील श्रीमंत घरांतून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पुष्कळसे पदार्थ एकदम मेजावर मांडून ठेवण्याची चाल होती; जवळचें भांडें उचलून शेजाऱ्यास द्यावयाचें व आपणही घ्यावयाचें. पुढें त्या शतकांत रशियन म्हणून ओळखली जाणारी पद्धत पसरली. तींत चाकर एकामागून एक पदार्थ आणून वाढतात. पदार्थ बदलला कीं सुरी-कांटाही बदलावयाचा, म्हणून बशीच्या दोन्ही बाजूंस त्यांच्या रांगा लागल्या. तात्पर्य, चित्रांतील मेज हें चाकरमंडळी असलेल्या घरचें मेज आहे. ज्या घरीं रांधणारी, वाढणारी आणि यजमानीण एकच, तेथें त्याची नक्कल केली तर ती बाई स्वयंपाकघर आणि मेज यांमध्यें येरझारा घालीत राहते, व सर्व मंडळी उठल्यावर निवालेला भात एकटी खाते.

आणि कांटा हें कांहीं विलायतेचें सनातन वैभव नव्हे. टॉमस कॉर्याट नांवाच्या इंग्रज प्रवाशास इटलींत लोक कांट्यानें जेवतात याचें मोठें नवल वाटलें. १६११ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत त्यानें ती हकीकत दिली आहे, आणि आपण स्वतः कांटा वापरूं लागल्यावर एका स्नेह्यानें आपली थट्टा केली, हेंही सांगितलें आहे. हाच कॉर्याट पुढें पायीं हिंदुस्थानांत आला व १६१७ सालीं सुरतेस वारला. आमच्या पुष्कळ ख्रिस्ती घरांच्या भिंतीवर प्रभूच्या शेवटल्या भोजनाचें चित्र असतें. लिओनार्दोनें पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिलान शहरीं काढलेल्या त्या चित्रांत उंच मेज व पांढरी चादर दिसते. परंतु प्रभूच्या काळीं अशा भोजनास लोक डाव्या कोपरावर रेलून बसत, आणि भाकर हातानेंच मोडून ताटांत बुडवीत. तेव्हां हातानें जेवणाऱ्या पाहुण्याबद्दल आपणांस संकोच वाटण्याचें कारण काय?

हें शहाणपण आम्हांस धडा मिळाल्यावांचून आलें नाहीं. शिक्षण संपवून नोकरीस लागल्यावर पहिल्याच नाताळास आम्हीं घरीं मोठ्या हौसेनें मेज मांडलें. मागून आणलेल्या सुऱ्या व कांटे, कडक इस्त्रीचे नॅपकिन, सर्व कांहीं पुस्तकाप्रमाणें! खेड्याहून आमचे काका आले होते. जन्मभर शेतांत राबलेले ते गृहस्थ खुर्चीच्या कडेवर बसले, त्यांनीं डावी-उजवीकडे पाहिलें, आणि "वहिनी, आज पोट जरा जड आहे," असें म्हणून पावाचा एक तुकडा मोडून ते स्वस्थ राहिले. आम्हांस तें खरेंच वाटलें. रात्रीं पाणी पिण्यास उठलों, तों स्वयंपाकघरांत पाटावर बसून काका भाकरी व दुपारचें उरलेलें कालवण जेवीत आहेत, आणि आई वाढीत आहे! दुसऱ्या दिवशीं आई आम्हांस रागें भरली नाहीं. "भावजी पहाटे उपाशी निघाले होते रे," एवढेंच ती म्हणाली.

आतां मांडणीकडे वळूं. पाश्चात्य रीतीचे नियम बारकाईनें पाहिले, तर प्रत्येकाच्या मागें जेवणाराचा हात दिसतो. दोन बशांच्या मध्यबिंदूंत सुमारें दोन फूट अंतर असावें, म्हणजे कोपरास कोपर लागत नाहीं. बशी मेजाच्या कडेपासून अंगठ्याच्या रुंदीइतकी आंत. कांटा डावीकडे, सुरी उजवीकडे व तिची धार बशीकडे, म्हणजे ती शेजाऱ्याकडे रोखलेली राहत नाहीं. चमचा सुरीच्या उजवीकडे. जें आधीं लागेल तें सर्वांत बाहेर. पाण्याचा पेला सुरीच्या टोंकाच्या वर, कारण तो उजव्या हातानें उचलावयाचा, नॅपकिन डावीकडे. आपल्या पंगतींतील पानाचेंही तसेंच आहे. मीठ वरच्या बाजूस, लिंबाची फोड, चटणी व कोशिंबीर डावीकडे, भाजी व आमटी उजवीकडे, भात समोर. जें पुष्कळ खावयाचें तें जेवणाऱ्या हाताजवळ, आणि जें मधून मधून चाखावयाचें तें पलीकडे.

मग दोन रीतींचीं माणसें एका मेजाशीं बसावयाचीं असतां काय करावें? पेल्याचेंच उदाहरण घ्या. ज्याचा उजवा हात कालवणानें भरलेला, त्यास पेला डाव्या हातानेंच उचलावा लागतो. म्हणून हातानें जेवणाराचा पेला डावीकडे ठेवावा. सपाट बशी टाळावी. कालवण तींत पसरतें आणि घास जुळत नाहीं. काठाची थाळी व दोन वाट्या कोणासही चालतात. प्रत्येकाच्या उजवीकडे एक चमचा पुरे. कांटे मेजाच्या मधोमध एका पेल्यांत उभे करून ठेवावे. ज्यास हवा तो घेईल, व ज्यास नको त्याच्याकडे कोणी पाहणार नाहीं. पदार्थ जुन्या युरोपियन रीतीप्रमाणें मेजावरच मांडावे, पण मोठ्या पंगतीस प्रत्येकाचीं दोन भांडीं करून दोन्ही टोंकांस ठेवावीं. हात धुण्यास तस्त व तांब्या बसल्या जागीं न्यावा. वृद्धांस उठवूं नये. फुलें ठेवावयाचीं तर हनुवटीच्या खालीं राहतील इतकीं ठेंगणीं. शेवंती उत्तम, निशिगंधाच्या वासापुढें पुलावाचा वास टिकत नाहीं. ज्यांचे पाय खुर्चीवरून जमिनीस पोहोंचत नाहींत, अशा आजीबाईंच्या पायांखालीं एक पाट सरकवावा. एवढ्याशा गोष्टीनें त्या तासभर सुखानें बसतात.

एक गोष्ट मात्र कटाक्षानें टाळावी. जागा अपुरी पडली म्हणून अधिकारी व शिकलेले पाहुणे मेजावर, आणि गांवाकडचीं माणसें बाजूच्या खोलींत खालीं, असें कित्येक घरीं होतें. मनांत भेद नसला, तरी पाहुण्यांस तो दिसतो. खालीं बसावयाचें तर सर्वांनींच बसावें. पंगत कांहीं मेजाहून हलकी नाहीं.

हें सांगून झाल्यावर आम्हीं त्या मुलीस विचारलें, "तुझ्या सोळांत आई धरली आहेस ना?" तिनें बोटांवर मोजलें आणि ती गप्प राहिली. तेव्हां नवा हिशेब केला. घरांतील सहा फुटांचीं दोन मेजें व शेजारचें चार फुटांचें एक, अशीं टोंकास टोंक जोडून सोळा फूट लांबी झाली. दोन फुटांस एक याप्रमाणें प्रत्येक बाजूस आठ, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडील टोंकास एक: सतरा. शेजारचें मेज जरा ठेंगणें होतें, त्याच्या पायांखालीं लाकडाचे ठोकळे घातले, आणि वर तीन चादरी अशा अंथरल्या कीं जोड दिसूं नये.

सुटीनंतर ती भेटली, तेव्हां आम्हीं मुद्दाम चौकशी केली. पांच कांट्यांपैकीं दोनच वापरले गेले: एक भावी वहिनीच्या वडिलांनीं, आणि दुसरा आजोबांनीं, पपईच्या फोडी उचलण्यास. आई दोनदां भात आणण्यास उठली, पण दोन्ही वेळां परत येऊन आपल्या जागीं बसली.