रंगशास्त्र आणि डोळ्याची तालीम

"मास्तर, रंगांत एवढे शिकण्यासारखे असते तरी काय?" असा प्रश्न एका पालकांनी आम्हांस केला होता. त्यांच्या मुलीस वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, १९५० साली स्थापन झालेल्या ललित कला शाखेत जावयाचे होते. प्रश्न रास्त होता. चार वर्षांचा खर्च करावयाचा, आणि मुलगी घरी येऊन सांगणार काय, तर पिवळ्यात निळा मिसळला म्हणजे हिरवा होतो!

आम्ही दिलेले उत्तर मात्र तुटपुंजे होते. आमचा विषय विज्ञान. शाळेत चित्रकलेस शिक्षक नसल्याने तो तास कित्येक वर्षे आमच्याकडे असे, आणि लाल, पिवळा, निळा हे तीन मूळ रंग सांगून फळ्यावर रंगचक्र काढले की रंगांचा धडा संपला, अशी आमची समजूत होती. मुलगी हट्टाने गेली. पहिल्या सुटीत भेटावयास आली तेव्हा तिने आमच्या टेबलावर रंगीत कागदाचे काही तुकडे मांडले.

एक पिवळा आणि एक गडद निळा असे दोन कागद तिने शेजारी ठेवले व प्रत्येकाच्या मध्यभागी शेवाळी रंगाचा एकेक लहान चौकोन ठेवला. पिवळ्यावरचा चौकोन काळपट, निळसर हिरवा दिसे. निळ्यावरचा उजळ आणि पिवळसर. "सर, दोन्ही एकाच कागदातून कापले आहेत," ती म्हणाली. आम्हांस पटेना. तेव्हा तिने त्याच कागदाची एक लांब पट्टी दोन्ही चौकोनांना भिडवून ठेवली. पट्टीच्या दोन्ही टोकांना सांधा दिसेना. पट्टी उचलली की पुन्हा दोन रंग!

हा धडा ज्याने वर्गात रुजविला तो योझेफ आल्बर्स मुळात आमच्यासारखाच प्राथमिक शाळेचा शिक्षक होता, हे वाचून आम्हांस विशेष वाटले. त्याचा जन्म जर्मनीत १८८८ सालचा. बत्तिसाव्या वर्षी तो बाउहाउस या कलाशाळेत विद्यार्थी म्हणून बसला आणि पुढे तेथेच शिकवू लागला. नाझींच्या दडपणाखाली १९३३ मध्ये ती शाळा बंद झाली. तो अमेरिकेस गेला, ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवू लागला, आणि १९५० पासून १९५८ पर्यंत येल विद्यापीठात डिझाइन विभागाचा प्रमुख होता. तेथील पाठांवरून त्याने 'इंटरॲक्शन ऑफ कलर' हा ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध केला.

त्याच्या वर्गात ब्रश आणि रंगाच्या नळ्या जवळजवळ नसत. रंगीत कागद, कात्री आणि खळ. कालविलेला रंग दुसऱ्या दिवशी तंतोतंत तसाच जुळत नाही, कागद मात्र हवा तितक्या वेळा तोच मिळतो. शिवाय सिद्धांत आधी सांगावयाचा नाही, तो शेवटी. आम्हां विज्ञानवाल्यांस हे उफराटे वाटते खरे. पण रंगचक्र पाठ असलेल्या आमच्यासारख्यास त्या दोन चौकोनांनी सहज फसविले, तेव्हा त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नसावे.

कारण असे की, डोळा एकटा रंग कधी पाहत नाही. भोवतालचा रंग आपला गुण शेजाऱ्यातून जणू वजा करतो: पिवळ्या भूमीवर हिरव्यातील पिवळेपणा मावळतो व निळेपणा उरतो, उजळ भूमीवर वस्तू काळवंडते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल याच्यापुढे हाच पेच व्यापारी रूपात आला होता. १८२४ पासून तो पॅरिसच्या गोबलें या चित्रपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. तेथील काळा रंग निळ्या-जांभळ्या कापडात फिका पडतो, अशी तक्रार होती. त्याने तपास केला, तो काळ्या रंगात खोट निघेना. निळ्या-जांभळ्याच्या शेजारामुळे काळ्यावर पिवळट-नारिंगी झाक येई आणि तो गंजल्यासारखा दिसे. दोष रंगाऱ्याचा नव्हता. या शोधावर त्याने १८३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला.

हे सर्व ऐकताना आम्हांस एक जुनी गोष्ट आठवून मनातून ओशाळल्यासारखे झाले. हीच मुलगी सातवीत असताना तिने संध्याकाळच्या पांढऱ्या भिंतीचे चित्र काढले होते आणि भिंतीवरची झाडाची सावली जांभळी रंगविली होती. आम्ही लाल शाईने लिहिले, 'सावली काळी असते', आणि दहांपैकी चार गुण दिले. वास्तविक मावळतीचा प्रकाश पिवळट असतो. तो जेथे पोहोचत नाही तेथे निळ्या आकाशाचा उजेड पडतो, आणि भोवतालच्या पिवळ्यामुळे तो निळेपणा डोळ्यास अधिकच जाणवतो. गटे या जर्मन कवीने १८१० च्या आपल्या रंगविषयक ग्रंथात अशा रंगीत सावल्यांची नोंद केली आहे. मुलीने पाहिले तेच काढले. आम्ही न पाहता गुण कापले. तिला आम्ही हे सांगितले तेव्हा ती हसली. तिच्या ते लक्षातही होते.

आमचे तीन मूळ रंगदेखील सर्वत्र चालत नाहीत. छापखान्यात सायन, मॅजेंटा, पिवळा व काळा लागतो. मोबाइलच्या पडद्यावर लाल, हिरवा व निळा प्रकाश असतो आणि तेथे लाल व हिरवा मिळून पिवळा होतो. पडद्यावर पांढरे चित्र ठेवून पाण्याचा बारीक थेंब सोडावा. थेंबाच्या भिंगातून ते ठिपके दिसतात.

आपल्या घरांतील बायकांस यातील पुष्कळसे ठाऊक असते, हे मात्र सांगितले पाहिजे. अबोली, डाळिंबी, आमसुली, मोरपंखी ही नावे कोणत्या विद्यापीठाने शिकविली? ईदच्या खरेदीत दुकानातील दिव्याखाली जुळलेली ओढणी त्या उंबऱ्यापाशी नेऊन उन्हात पाहतात, तेही शास्त्रशुद्धच. दोन निरनिराळ्या रंगद्रव्यांनी रंगविलेली कापडे एका दिव्याखाली सारखी व दुसऱ्याखाली वेगळी दिसू शकतात. विद्यापीठात या जाणिवेस माप मिळते. रंग कोणता, तो किती उजळ आणि किती भडक, हे तिन्ही वेगळे ओळखावयास शिकवितात. एरवी आपण भडक रंगासच उजळ समजतो.

त्या पालकांकडे आम्ही मुलीस कागदांसह पाठविले. त्यांनी पट्टी स्वतः चार वेळा उचलून पाहिली. "मग आता पुढे काय?" त्यांनी विचारले. पुढचा पाठ उलटा आहे: दोन निराळे रंग दोन भूमींवर असे ठेवावयाचे की ते एकच दिसावेत. हे फार अवघड. मुलीस चार दिवस लागले होते.

घरी करून पाहू इच्छिणाऱ्यांनी लग्नपत्रिका, मिठाईचे खोके, जुनी मासिके यांतून सपाट रंगाचे तुकडे कापून ठेवावेत. चकाकणारा कागद घेऊ नये. दिव्यापेक्षा खिडकीजवळचा उजेड बरा, आणि पट्टी दोन्ही चौकोनांना पुरेल इतकी लांब कापावी.