सेसिल सिंहाचा मृत्यू, जगाचा संताप आणि आपला अभ्यास

एखादी बातमी वाचून रक्त उसळले, मुठी आवळल्या गेल्या आणि त्या क्षणी आपण अगदी योग्य बाजूला उभे आहोत अशी पक्की खात्री वाटली, असे तुमच्या बाबतीत शेवटचे कधी घडले? आज आपण अशाच एका बातमीचा अभ्यास करणार आहोत. ती दहा वर्षांपूर्वीची आणि आफ्रिकेतली आहे, हे एका अर्थी सोयीचेच. आज सकाळच्या बातमीवर चिंतन करायला बसलो, तर मन पहिल्या पाच मिनिटांतच हातातून निसटते.

झिंबाब्वे देशात ह्वांगे नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्रफळ सुमारे १४,६०० चौरस किलोमीटर. म्हणजे आपला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प बफर क्षेत्रासह मोजला, तरी असे आठ प्रकल्प त्यात सहज मावतील. तिथे सेसिल नावाचा तेरा वर्षांचा सिंह राहत असे. त्याची आयाळ काळसर होती आणि पर्यटकांच्या गाड्यांची त्याला सवय झालेली होती. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे संशोधक १९९९ पासून त्या भागातील सिंहांचा अभ्यास करत होते. सेसिलच्या गळ्यात त्यांचाच पट्टा होता. तो कुठे फिरतो, हे त्यांना उपग्रहामार्फत कळत असे.

जुलै २०१५ च्या अगदी सुरुवातीला उद्यानाच्या हद्दीबाहेर, शेजारच्या खासगी जमिनीवर, मेलेल्या हत्तीच्या आमिषाजवळ सेसिल आला आणि अमेरिकेतून आलेल्या एका शिकाऱ्याने त्याला बाण मारला. सिंह जखमी झाला, पण लगेच मेला नाही. कित्येक तासांनी माग काढून त्याला पुन्हा बाण मारण्यात आला. मग मुंडके आणि कातडे काढून घेतले गेले. या शिकारीसाठी त्या गृहस्थाने सुमारे ५०,००० डॉलर मोजले, असे वृत्तपत्रांत आले. तो व्यवसायाने दंतवैद्य होता. त्याचे नाव जगभर छापले गेले आहे, पण या लेखात ते मुद्दामच घेतलेले नाही. का, ते पुढे लक्षात येईल.

या प्रकाराला इंग्रजीत जो शब्द आहे, त्यातला ‘ट्रॉफी’ मराठीत आणताना मी बराच वेळ अडलो. आपल्याकडे ट्रॉफी म्हणजे शाळेच्या कपाटातला कप. जिंकल्यावर मिळतो तो. विचार केल्यावर वाटले, शब्द बदलायची गरजच नाही. कपाटात ठेवायला, पाहुण्यांना दाखवायला काहीतरी हवे असते, म्हणून हा जीव घेतला जातो. पोटासाठी नाही, शेत वाचवण्यासाठी नाही, स्वतःचा जीव वाचवण्यासाठीही नाही. आपल्या परंपरेत याला मृगया म्हणत, आणि राजेलोकांची ही आवड आपल्या ग्रंथांनी कौतुकाने खपवून घेतली, असे अनेकांना वाटते. ते पूर्ण खरे नाही. मनुस्मृतीत राजाची कामातून उपजणारी दहा व्यसने सांगितली आहेत, त्यांत मृगयेचे नाव पहिले आहे, जुगाराच्याही आधी. दशरथाचा बाण श्रावणबाळाला लागला तो मृगयेत, आणि पांडूला शाप मिळाला तोही मृगयेतच.

आता संतापाकडे येऊ. २८ जुलैला शिकाऱ्याची ओळख जाहीर झाली आणि पुढच्या एकाच दिवसात जगभरात अकरा हजारांहून जास्त बातम्या आल्या. त्याच्या दवाखान्याच्या दाराशी लोकांनी खेळण्यातले सिंह आणून ठेवले, घोषणाफलक लावले. दवाखाना काही आठवडे बंद ठेवावा लागला. फ्लोरिडातील त्याच्या घरावर कोणी रंगाने लिहून गेले. त्याला झिंबाब्वेच्या ताब्यात द्यावे, या मागणीवर एक लाखाहून जास्त सह्या झाल्या. प्राण्यांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एका नामांकित संस्थेच्या प्रमुखांनी तर त्याला फाशी झाली तर बरे, असे जाहीरपणे सुचवले. ज्या संस्थेचे सारे काम करुणेवर उभे आहे, तिच्याकडून हे आले. थोडे थांबा आणि या गोष्टीकडे बघा. त्या संस्थेला नावे ठेवण्यासाठी नव्हे. करुणा आणि क्रोध यांच्यातले अंतर किती कमी असते, ते दिसावे म्हणून.

योगसूत्रांच्या साधनपादात पतंजलींनी हिंसेचे जे वर्गीकरण केले आहे, ते या घटनेवर ठेवून पाहू. हिंसा तीन प्रकारे घडते: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केली असता जिला आपण मनातून संमती दिली ती. या तिन्हींच्या मुळाशी लोभ, क्रोध किंवा मोह असतो. आणि प्रत्येकीची मात्रा सौम्य, मध्यम किंवा तीव्र असू शकते. तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे सत्तावीस. भाष्यकार व्यास एवढ्यावर थांबत नाहीत, मात्रेचेही पोटभेद करून संख्या एक्याऐंशीवर नेतात. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला हा हिशेब फार आवडतो. हिंसा म्हणजे ‘केली’ किंवा ‘नाही केली’ असे दोनच रकाने नाहीत, एक्याऐंशी खाती आहेत.

व्यासभाष्यात लोभ, क्रोध आणि मोह यांची एकेक उदाहरणे दिली आहेत. लोभाचे उदाहरण मांसासाठी आणि कातड्यासाठी केलेली हिंसा. सेसिलच्या बाबतीत यापुढे काही समजावायची गरज नाही. क्रोधाचे उदाहरण म्हणजे याने माझे वाईट केले, या भावनेने केलेली हिंसा. आणि मोहाचे? यातून मला धर्म घडेल, पुण्य लागेल, असे समजून केलेली हिंसा.

हे तिसरे उदाहरण वाचून माझे मन अडखळले. कातड्याच्या लोभाने शिकार करणाऱ्याला निदान आपण काय करतो आहोत ते माहीत असते. मोहातल्या माणसाला मात्र वाटते की आपण पुण्य करतो आहोत. एका अनोळखी माणसाला मरण यावे, असे ज्या लाखोंना वाटले, त्यांच्यापैकी कोणी त्याला हिंसा म्हटले असते का? त्यांनी हात उचलला नाही, कोणाला पाठवलेही नाही. फक्त संमती दिली. पतंजलींच्या हिशेबात मात्र तिची नोंद होते.

शिवाय क्रोधाला दिसते कमी. १ ऑगस्टला बातमी पसरली की सेसिलचा जोडीदार जेरिको यालाही मारले. संतापाची दुसरी लाट उसळली. थोड्याच वेळात संशोधकांनी पट्ट्यावरून आलेली माहिती तपासून सांगितले की जेरिको जिवंत आहे, फिरतो आहे. सेसिलच्या मागे राहिलेल्या पिल्लांना तो मारून टाकेल, अशी भीती होती, तेही घडले नाही. खोटी बातमी ज्या वेगाने गेली, त्या वेगाने खरी गेली असेल का, याचा विचार तुम्हीच करा.

त्याच आठवड्यात झिंबाब्वेत वाढलेला आणि अमेरिकेत शिकत असलेला गुडवेल न्झू नावाचा एक विद्यार्थी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिता झाला. त्याने लिहिलेले संतापलेल्या लोकांना फारसे रुचले नाही. तो नऊ वर्षांचा असताना त्याच्या गावाभोवती एक सिंह हिंडू लागला होता. कोंबड्या गेल्या, शेळ्या गेल्या, गाय गेली. मुलांना घोळक्याने शाळेत जावे लागे, बाहेर खेळणे बंद झाले. तो सिंह मारला गेला तेव्हा गाव नाचले. अमेरिकेतले लोक आफ्रिकेतल्या प्राण्यासाठी रडतात, तिथल्या माणसांसाठी नाही, असे त्याचे दुःख होते. त्याने कोणाच्या क्रौर्याचे समर्थन केले नव्हते. आपली करुणा नेमकी कुठवर पोहोचते, एवढेच त्याने विचारले.

विदर्भातल्या वाचकांना इथे २०१८ ची आठवण येईल. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा परिसरात तेरा माणसांच्या मृत्यूला जबाबदार धरलेली ‘टी-१’, म्हणजे अवनी वाघीण २ नोव्हेंबरला गोळी घालून मारली गेली. ती ट्रॉफीसाठी केलेली शिकार नव्हती, हा फरक विसरू नये. पण शहरांत तिच्यासाठी शोक झाला आणि त्या गावांत फटाके वाजले. तुम्ही तेव्हा कोणत्या बाजूला होता? आणि दुसऱ्या बाजूच्या एका तरी माणसाशी बोलला होता का?

पैशाचा प्रश्नही टाळता येत नाही. शिकारीच्या शुल्कातून जंगले राखली जातात, गावांना वाटा मिळतो, असा एक पक्ष आहे, आणि झिंबाब्वेत गावांना असा वाटा देणारी योजना १९८० च्या दशकापासून चालत आली आहे. केनियाने याउलट १९७७ मध्येच अशा शिकारीवर बंदी घातली. दोन्ही देशांत सिंह आहेत. हा वाद अर्थशास्त्राचा आणि वन्यजीवशास्त्राचा आहे, भावनेच्या भरात तो सुटणार नाही. माझे मत विचाराल तर जीव विकून जीव राखण्याचा हिशेब मला पटत नाही. पण तो हिशेब मांडणारे सगळे क्रूर आहेत, असे म्हणणेही मला पटत नाही.

मग साधकाने करायचे काय? गप्प बसायचे? इथे एका शब्दाने आपली फार फसगत होते. समाधिपादात चित्त प्रसन्न राहण्यासाठी चार भाव सांगितले आहेत: सुखी माणसांविषयी मैत्री, दुःखी माणसांविषयी करुणा, पुण्यवानांविषयी मुदिता आणि अपुण्य आचरणाऱ्यांविषयी उपेक्षा. मराठीत आपण उपेक्षा म्हणतो ते दुर्लक्षाला, हेळसांडीला. सरकारने गावाची उपेक्षा केली, असे म्हणतो. सूत्रातला अर्थ तो नाही. वाईट वागणाऱ्या माणसाला आपले चित्त चिकटू द्यायचे नाही, त्याच्या तिरस्कारात मन गुंतवायचे नाही, हा त्याचा आशय आहे. दुष्कृत्य थांबवण्याला तो आड येत नाही. उलट, मोकळ्या झालेल्या मनालाच काम सुचते.

सेसिलच्या वेळी दोन्ही वाटा लोकांनी चालून दाखवल्या. टीव्हीवरचा एक विनोदी सूत्रसंचालक त्या दिवशी बोलता बोलता गहिवरला. त्याने प्रेक्षकांना आवाहन केले की संशोधकांच्या कामाला मदत करा. त्यातून पुढे दहा लाख डॉलरहून जास्त देणग्या जमा झाल्या. ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या तीन मोठ्या विमान कंपन्यांनी सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि म्हैस यांच्या ट्रॉफी नेण्यास नकार दिला. नोव्हेंबरमध्ये फ्रान्सने सिंहांच्या ट्रॉफी देशात आणण्यावर बंदी घातली. डिसेंबरमध्ये अमेरिकेने आफ्रिकी सिंहांना आपल्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली घेतले. त्या दंतवैद्याला मात्र झिंबाब्वेत आरोपीच केले गेले नाही. त्याची कागदपत्रे नियमानुसार होती, असे तिथल्या सरकारने सांगितले. मार्गदर्शक शिकाऱ्यावरचे आरोपही २०१६ मध्ये रद्द झाले. म्हणजे लाखो लोकांनी जिथे सगळा राग ओतला, त्या एका माणसाच्या बाबतीत काहीच निष्पन्न झाले नाही. जे काही झाले, ते नियम, पैसा आणि माहिती यांच्या चिवट कामातून झाले. तेही अपुरेच. जुलै २०१७ मध्ये सेसिलचा मुलगा झांडा, वय सहा, गळ्यात तसाच पट्टा, ह्वांगेच्या हद्दीबाहेर तशाच शिकारीत मारला गेला. या वेळी आवाज पुष्कळ कमी होता.

आणि लोभाचे काय? आपण कोणी सिंह मारणार नाही, म्हणून ते खाते कोरे आहे, असे समजू नका. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर आले असता सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी त्यांची वाट अडवली. गाड्यांत कॅमेरे सरसावलेली माणसे होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून याची दखल घेतली. कोणी बाण मारला नाही, रक्त सांडले नाही. पण कपाटात ठेवायला, चार लोकांना दाखवायला काहीतरी हवे होते. मात्रा सौम्य, मूळ तेच.

या आठवड्याचा अभ्यास असा. एक साधी वही घ्या आणि रोजकीर्दीसारखे चार रकाने आखा. पहिल्यात तारीख आणि ज्या बातमीने किंवा संदेशाने राग आला ती बातमी. दुसऱ्यात, त्या क्षणी कोणाचे वाईट व्हावे असे वाटले, ते स्पष्ट शब्दांत. तिसऱ्यात लोभ, क्रोध की मोह. मोह लिहिताना हात अडेल, कारण त्या क्षणी तो धर्मच वाटलेला असतो. म्हणून हा रकाना रात्री झोपण्यापूर्वी भरा, लगेच नको. चौथ्यात, ज्याचे दुःख बघून राग आला त्या जिवासाठी आज प्रत्यक्ष काय केले. बातमी पुढे पाठवली असेल तर तेही लिहा, पण पाठवण्यापूर्वी ती खरी आहे का हे पाहिले होते की नाही, ते सोबत लिहा. चौथा रकाना रिकामा राहिला तर रिकामाच ठेवा. पुढच्या बैठकीला वही बरोबर आणा. ती कोणाला दाखवायची नाही, पहिली दहा मिनिटे आपण सगळे आपापली वही मनातल्या मनात वाचणार आहोत.