घरपोच अन्न आणि ग्राहकाची सवय

एखादी नवी सोय मनुष्य प्रथम का वापरतो आणि पुढे ती का वापरीत राहतो, हे दोन वेगळे प्रश्न होत. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. कुतूहल, मित्राचा आग्रह, पहिल्या मागणीवरील सवलत, एवढी कारणे त्यास पुरतात. दुसऱ्या प्रश्नाचा विचार करताना रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये असे मांडले की, ग्राहकाचे समाधान केवळ वस्तूच्या गुणावर ठरत नाही; आधी बाळगलेली अपेक्षा आणि नंतर आलेला अनुभव यांचा मेळ कितपत बसतो, यावर ते ठरते. अनोल भट्टाचार्जी यांनी २००१ मध्ये हाच विचार संगणकीय सेवांना लागू केला.

वाराणसीत या विचाराची चांगली कसोटी लागते. ज्या नगरात कचोरी-जिलेबीची न्याहारी दुकानाच्या पायरीशी उभ्यानेच करावयाची, तेथे मोबाइलवरील अ‍ॅपमधून जेवण मागविण्याची गरज कोणास पडावी? गोदौलियापासून घाटांकडे उतरणाऱ्या गल्ल्यांत ती फारशी पडतही नसावी. परंतु काशी म्हणजे केवळ त्या गल्ल्या नव्हेत. लंका भागास लागून हिंदू विश्वविद्यालयाचा विस्तीर्ण परिसर आहे. तेथील वसतिगृहांत अनेक प्रांतांचे विद्यार्थी राहतात. भोजनालय बंद झाल्यावर भूक लागली, अथवा आपल्या प्रांताची चव आठवली, की हात फोनकडे जातो. पुण्यात नोकरी करणारा मुलगा काशीतील वृद्ध आईवडिलांसाठी तेथूनच जेवण मागवू शकतो. मागविणारा एक आणि जेवणारा दुसरा, ही या सेवेची एक नवलाची बाजू म्हटली पाहिजे.

या सर्वांची अपेक्षा पुरी होते ती नेमकी कशाची? रुचीची म्हणावी, तर प्रवासात पुरी मऊ पडते आणि चाटेचा कुरकुरीतपणा जातो. खरी पूर्तता निश्चितीची होते. किंमत आधी कळते, पैसे फोनवरूनच देता येतात, आणि अन्न कोठवर आले ते नकाशावर दिसते. भुकेल्या माणसास वाट पाहण्यापेक्षा, किती वेळ पाहावयाची हे न कळणे अधिक जाचते.

यानंतर सवयीचा प्रभाव सुरू होतो. मोएझ लिमायेम व त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये दाखविले की, सवय जडली म्हणजे जाणीवपूर्वक केलेल्या निश्चयाचे बळ उणावते. पत्ता साठविलेला असतो, मागील मागणी समोरच दिसते. विचार करण्यास वावच उरत नाही. २०२३ मध्ये स्विगी आणि झोमॅटो या कंपन्यांनी प्रत्येक मागणीमागे वेगळे शुल्क घेण्यास आरंभ केला. ते प्रथम २ रुपये होते. पुढे अनेकदा वाढले. ग्राहकांनी मात्र या सेवेकडे पाठ फिरविली नाही. यास निष्ठा म्हणणे धाडसाचे होईल. उबर ईट्सचा भारतातील व्यवसाय जानेवारी २०२० मध्ये झोमॅटोने घेतल्यानंतर निवड बहुतांशी दोघांपुरतीच उरली होती.

आणखी एक गोष्ट ग्राहकाच्या ध्यानात सहसा येत नाही. जी निश्चिती त्यास सुखावते, ती दुसऱ्याच्या श्रमातून येते. श्रावणी सोमवारी विश्वनाथाच्या दर्शनासाठी गर्दी लोटते व गोदौलियाकडील रस्ते वाहनांस बंद होतात. मोटारसायकल दूर ठेवून डबा पायी नेणाऱ्या तरुणाचा उशीर ग्राहकाच्या लेखी अपेक्षाभंगच ठरतो. अशा श्रमिकांची व्याख्या केंद्राच्या कायद्यात प्रथम आली ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत. दुकानदारासही प्रत्येक मागणीतून दलाली द्यावी लागते. म्हणून तोच पदार्थ अ‍ॅपवर पुष्कळदा महाग असतो.

हिवाळ्यात चौक व ठठेरी बाजाराच्या परिसरात मलइयो विकावयास येतो. तो म्हणजे दुधाचा केशरी फेस, मातीच्या कुल्हडात दिलेला. ऊन चढले की तो विरतो, त्यामुळे दूरवर पाठविता येत नाही. रात्री फोनवरून जेवण मागविलेला विद्यार्थीही त्यासाठी पहाटेच्या थंडीत गल्लीपर्यंत चालत येतो.