दोघींचा खेळ

प्रस्तावना

टेनिसच्या स्पर्धांचे वृत्तांत तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले असतील. त्यांत एकेरीच्या विजेत्याचे छायाचित्र ठळकपणे छापलेले असते. दुहेरीची बातमी मात्र बहुधा चार ओळींत आटोपते. त्यामुळे दुहेरी म्हणजे दुय्यम खेळ, असा समज सहज होतो. तो कितपत खरा आहे? 2015 मध्ये विम्बल्डन येथे झालेल्या महिला दुहेरीच्या अंतिम सामन्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
- दुहेरीच्या खेळाचे स्वरूप स्पष्ट करता येईल;
- सानिया मिर्झा हिच्या वाटचालीतील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील;
- सहकार्यात परस्परपूरक गुणांचे महत्त्व विशद करता येईल;
- द्वंद्व समास ओळखता येईल.

मूळ पाठ

टेनिसच्या मैदानाची लांबी 78 फूट असते. एकेरीसाठी त्याची रुंदी 27 फूट धरतात. दुहेरीच्या वेळी दोन्ही कडांना साडेचार-साडेचार फुटांची पट्टी खेळात येते आणि ही रुंदी 36 फूट होते. म्हणजे खेळाडू दुप्पट होतात, पण जागा केवळ एकतृतीयांशाने वाढते. साहजिकच दुहेरीत मोकळी जागा कमी असते. नुसत्या ताकदीने मारलेला चेंडू जाळ्यापाशी उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या रॅकेटवर नेमका जाऊन आदळतो. येथे कोन साधावा लागतो, क्षणार्धात निर्णय घ्यावा लागतो आणि मुख्य म्हणजे आपली सहकारी आता कोठे असेल, हे मागे वळून न पाहता ओळखावे लागते. दोघींच्या मधून जाणारा चेंडू कोणी घ्यायचा, हा प्रश्न सामन्यात पुनःपुन्हा उद्भवतो. दोघीही धावल्या तर गोंधळ उडतो. दोघीही थांबल्या तर गुण जातो.

सानिया मिर्झाचा जन्म 1986 मध्ये मुंबईत झाला आणि ती वाढली हैदराबादेत. आईवडिलांच्या पाठबळावर तिने लहानपणीच हाती रॅकेट धरली. 2003 मध्ये तिने विम्बल्डनला मुलींच्या दुहेरीचे विजेतेपद मिळवले. 2005 मध्ये हैदराबाद येथील स्पर्धा जिंकून महिलांच्या व्यावसायिक मालिकेत एकेरीचे विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. 2007 मध्ये ती एकेरीच्या क्रमवारीत 27 व्या स्थानी पोहोचली. तिचा फोरहॅन्डचा फटका प्रतिस्पर्ध्यांना धडकी भरवणारा होता. परंतु मनगटाच्या दुखापतीने तिची पाठ सोडली नाही. शस्त्रक्रिया झाली, पुनरागमन झाले, तरी शरीराला एकेरीचा ताण पेलवेना. अखेर 2013 मध्ये तिने एकेरी सोडून केवळ दुहेरीत खेळण्याचा निर्णय घेतला. ज्या खेळाने नाव मिळवून दिले, त्याचाच एक भाग बाजूला ठेवणे सोपे नसते. सानियाने मात्र या निर्णयाकडे माघार म्हणून पाहिले नाही. उरलेल्या वाटेवर तिने आपले सर्व बळ एकवटले.

मार्च 2015 मध्ये स्वित्झर्लंडची मार्टिना हिंगिस तिची जोडीदार झाली. हिंगिसने 1997 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, विम्बल्डनची एकेरी जिंकली होती. तिच्या खेळात ताकदीपेक्षा चातुर्य अधिक होते. दोघींच्या गुणांची सांगड कशी बसली, हे समजून घेण्याजोगे आहे. दोघीही उजव्या हाताने खेळणाऱ्या. सानिया उजव्या बाजूला उभी राहत असे. त्यामुळे त्या कडेकडे येणारा चेंडू तिच्या फोरहॅन्डवर येई. हिंगिस डाव्या बाजूला असे. तिकडच्या कडेचा चेंडू तिच्या भरवशाच्या बॅकहॅन्डवर येई. एकीने मागून जोरदार फटका मारायचा आणि त्याला आलेले दुबळे उत्तर दुसरीने जाळ्यापाशी टिपायचे, अशी त्यांची रीत होती. एकत्र आल्यावर पहिल्या तिन्ही स्पर्धा त्यांनी जिंकल्या. 13 एप्रिल 2015 रोजी सानिया दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत प्रथम स्थानी पोहोचली. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला होय.

11 जुलै 2015 रोजी लंडनमधील विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर अंतिम सामना झाला. समोर रशियाच्या एकातेरिना माकारोवा आणि एलेना वेस्निना होत्या. या जोडीला दुसरे मानांकन होते, तर सानिया आणि हिंगिस यांना पहिले. पहिला सेट रशियन जोडीने 7-5 असा घेतला. दुसरा सेट टायब्रेकरमध्ये 7-6 असा सानिया-हिंगिस यांच्याकडे गेला. निर्णायक सेटमध्ये मात्र त्या 2-5 अशा मागे पडल्या. आणखी एक गेम गमावला असता, तर हातातोंडाशी आलेला घास निसटला असता. अशा वेळी जोडीची खरी परीक्षा होते. चूक कोणाची, हा हिशेब मांडण्याचा मोह होतो आणि तेथेच जोडी मोडते. या दोघींनी तसे होऊ दिले नाही. एकेक गुण मिळवत त्यांनी 5-5 अशी बरोबरी साधली. एव्हाना प्रकाश अपुरा पडू लागला होता. खेळ थांबवून मैदानावरचे छत बंद करण्यात आले आणि दिवे लावण्यात आले. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर पुढचे दोन्ही गेम जिंकून त्यांनी सेट 7-5 असा खिशात घातला. सलग पाच गेम! सुमारे अडीच तासांच्या या झुंजीत विजेत्यांनी 19 गेम जिंकले होते, तर पराभूतांनी 18. हारजीत इतक्या बारीक रेषेवर ठरली होती.

ग्रँड स्लॅम स्पर्धेत महिला दुहेरीचे विजेतेपद मिळवणारी सानिया ही पहिली भारतीय महिला ठरली. त्याच वर्षी या जोडीने अमेरिकन आणि 2016 च्या आरंभी ऑस्ट्रेलियन स्पर्धाही जिंकली. सलग 41 सामने त्या अपराजित राहिल्या. पुढे विजय दुर्मीळ होऊ लागले, तेव्हा ऑगस्ट 2016 मध्ये त्या सामंजस्याने वेगळ्या झाल्या. पराभूत जोडीचेही पुढे काय झाले, ते पाहा. माकारोवा आणि वेस्निना यांनी 2016 मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले आणि 2017 मध्ये तेच विम्बल्डन विजेतेपद जिंकले. सानियाने मातृत्वानंतर 2020 मध्ये होबार्ट येथे पुन्हा दुहेरीचे विजेतेपद पटकावले आणि 2023 मध्ये व्यावसायिक टेनिसचा निरोप घेतला.

दुहेरी ही एकेरीची अर्धी आवृत्ती नव्हे. तिच्यात स्वतःचे कौशल्य दुसऱ्याच्या कौशल्याशी जुळवून घ्यावे लागते. घर, शेत, कारखाना, कार्यालय – कोठेही दोघांनी मिळून काम करायचे असेल, तर दोघे सारखेच असण्याची गरज नसते. एकाची उणीव जेथे असते, तेथे दुसऱ्याचे बळ उभे राहावे लागते.

शब्दार्थ

मानांकन – स्पर्धेपूर्वी दिलेला गुणवत्ताक्रम
परस्परपूरक – एकमेकांची उणीव भरून काढणारे
सामंजस्य – समजूतदारपणा
हातातोंडाशी आलेला घास निसटणे – मिळण्याच्या बेतात असलेली गोष्ट हातून जाणे

भाषाभ्यास

ज्या समासात दोन्ही पदे सारख्याच महत्त्वाची असतात, त्याला द्वंद्व समास म्हणतात.
- आईवडील – आई आणि वडील (इतरेतर द्वंद्व)
- हारजीत – हार किंवा जीत (वैकल्पिक द्वंद्व)

पुढील शब्दांचा विग्रह करून समासाचा प्रकार लिहा : बहीणभाऊ, खरेखोटे, विटीदांडू, पासनापास.

स्वाध्याय

1. दुहेरीच्या खेळात नुसती ताकद का पुरत नाही?
2. सानिया आणि हिंगिस यांचे गुण परस्परपूरक कसे होते, ते सोदाहरण लिहा.
3. ‘अशा वेळी जोडीची खरी परीक्षा होते.’ – या विधानाचा आशय स्पष्ट करा.
4. पराभूत जोडीच्या पुढील वाटचालीतून कोणता बोध होतो?
5. तुम्ही कोणाबरोबर तरी मिळून पार पाडलेल्या एखाद्या कामाविषयी दहा ओळी लिहा. त्यात कोणी कोणता भार उचलला, ते नमूद करा.